पडवीतला नेचा: पान वाळलं की आधी बोट मातीत घाला

कोकणात पैसे देऊन नेचा आणायचा म्हटलं की घरातली मोठी माणसं हसतात. "विकत आणलास गो? नेचा?" असं आमच्या आत्याने विचारलं होतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या विहिरीच्या चिऱ्यांतून हातभर लांब नेचे लोंबत असतात. जून उजाडला की गडग्याच्या फटीफटीतून हंसराज वर येतो. जुन्या आंब्याच्या बेचक्यात बाशिंग नावाचा नेचा बसलेला असतो. त्यांना ना कोणी पाणी घालत, ना खत. मी मात्र रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये नर्सरीतून आणलेल्या बोस्टन फर्नचा दीड महिन्यात खराटा करून ठेवला होता.

नंतर दोन-तीन कुंड्या गमावल्यावर लक्षात आलं की आत्याच्या विहिरीलाच नीट बघायला हवं होतं. तिथे नेच्याला पाणी भरपूर मिळतं, पण ते साचत नाही, झिरपून जातं. मुळं चिऱ्याच्या फटीत असतात, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही मिळते. ऊन थेट येत नाही. खारा वारा खाली पोचत नाही. घरात आपण यातलं एकेक काढून घेतो आणि बदल्यात रोज लोटाभर पाणी देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपलं वर्ष. नेच्यांबद्दलचे बहुतेक सल्ले कोरड्या हवेच्या गावांसाठी असतात: रोज फवारा मारा, ओल टिकवा. जुलैत इथे चार दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा फवारा कशाला? उलट मकरसंक्रांतीच्या आसपास सकाळी जमिनीकडून कोरडा वारा सुटतो, आपले ओठ फुटतात, तेव्हा तोच नेचा टोकांकडून करपायला लागतो. एकच कुंडी, पण पावसाळ्यात तिची दुखणी वेगळी आणि थंडीत वेगळी.

आधी झाड ओळखा

नर्सरीत जे 'फर्न' म्हणून मिळतं त्यात साधारण पाच जण असतात. लांब लोंबत्या पानांचा बोस्टन फर्न हा नवशिक्यांसाठी सगळ्यात सोशिक. १८९४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनजवळ पाठवलेल्या नेच्यांच्या खेपेत हे वेगळं, झुकत्या पानांचं झाड सापडलं, म्हणून हे नाव. काळ्या चकचकीत दांड्यांचा, कोथिंबिरीसारख्या नाजूक पानांचा तो हंसराज. रुंद, अखंड, केळीच्या कोवळ्या पानासारखी पानं एका वाटीतून निघालेली असतील तर बर्ड्स नेस्ट. सांबराच्या शिंगांसारखा, फळीवर बांधलेला तो स्टॅगहॉर्न. आणि केसाळ, सशाच्या पायासारखी मुळखोडं कुंडीबाहेर डोकावत असतील तर रॅबिट्स फूट.

शतावरीसारखा बारीक सुयांचा 'अ‍ॅस्परॅगस फर्न' हा नेचा नाहीच, तो शतावरीचा भाऊबंद. त्याला फुलं येतात, लाल फळं धरतात. नेच्याला आयुष्यात फूल येत नाही. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर या शतावरीच्या भाऊबंदाची फळं पोटात जाऊ देऊ नका. खाली लिहिलेलं त्याला लागू नाही.

पाणी घालण्याआधी तीन गोष्टी करा

पान पिवळं पडलं, वाळलं, गळलं, काहीही झालं तरी पहिला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. तो थांबवा.

पहिलं, बोट मातीत दोन पेरांपर्यंत घाला. वरची माती कोरडी आणि आत चिखल, किंवा वर ओलं आणि आत ठणठणीत, असं दोन्ही घडतं. दुसरं, कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून ठेवलंत तर पुढे नुसतं उचलूनच कळतं. तिसरं, पान उलटं करून उजेडात धरा. अर्धी दुखणी पानाच्या पाठीवर असतात.

या तिन्हीला मिळून एक मिनिट लागतं. मगच ठरवा.

टोकं तपकिरी, कुरकुरीत

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि कारणं चार-पाच असल्यामुळे लोक चुकीचा उपाय करतात.

माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर तहान, एवढं साधं. फक्त एक फसवणूक लक्षात ठेवा. नर्सरीची कुंडी बहुधा कोकोपीटने भरलेली असते आणि कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही; वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट ताटलीत येतं. आपल्याला वाटतं भरपूर झालं, आतला गोळा कोरडाच. अशी कुंडी बादलीत गळ्यापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे वीस-तीस मिनिटं ठेवा. मग न्हाणीघरात निथळू द्या.

माती ओली आहे आणि तरी टोकं वाळतायत, तर हवा बघा. कुंडी पंख्याखाली आहे का? एसीचा झोत येतो का? डिसेंबर ते फेब्रुवारीत पूर्वेची खिडकी सकाळी उघडी असते का? फवाऱ्याने होणारा फायदा पाणी सुकेपर्यंतच टिकतो. मला विचाराल तर तो झाडापेक्षा मालकाच्या समाधानासाठी असतो. त्याऐवजी तीन-चार कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. पसरट ताटात जांभ्याचे खडे घालून, खड्यांच्या खाली राहील इतकंच पाणी भरा आणि वर कुंडी ठेवा. बूड पाण्याला लागता कामा नये. ते तीन महिने न्हाणीघराची खिडकी ही घरातली सर्वोत्तम जागा. पहाटेच्या आंघोळीची वाफ आणि उत्तरेचा उजेड, नेच्याला आणखी काय हवं?

तिसरं कारण खास किनाऱ्यावरचं: मीठ. समुद्र दिसत असेल अशा घरात खिडकीच्या काचेवर चिकट धुरकट थर बसतो. तोच थर पानावर बसतो. पश्चिमेच्या खिडकीतला नेचा दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने वाऱ्याकडच्या बाजूनेच करपतो, आणि ती एकाच बाजूची खूण पक्की असते. झाड आतल्या भिंतीकडे घ्या आणि पाऊस नसेल त्या महिन्यांत आठवड्यातून एकदा पानं गोड्या पाण्याने धुवा. १८३३ मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने काचेच्या बंद पेट्यांत नेचे भरून जहाजाने सिडनीला पाठवले होते आणि ते जिवंत पोचले. काचेने खारे तुषार बाहेर ठेवले आणि ओल आत. आपण हंसराजासाठी लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी वापरू शकतो. फक्त तिला ऊन लागू देऊ नका, आत उकडून निघेल.

मीठ मुळाकडूनही येतं. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते नेच्यालाही घालू नका. फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी तर त्याहून क्षारांचं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसली की समजा. उपाय असा: कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या तीन-चार पट चांगलं पाणी सावकाश ओता आणि सगळं वाहून जाऊ द्या. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरींनी कौलं धुऊन निघाल्यावर पागोळ्यांचं पाणी पिंपात धरा. डासांसाठी वर घट्ट फडकं बांधा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आणि एक कोकणी सवय: मासे धुतलेलं पाणी झाडाला घालणं. कढीलिंबाला घाला, माडाला घाला. मीठ लावून धुतलेल्या बांगड्याचं पाणी घरातल्या नेच्याला घातलंत तर टोकं करपतील, आणि शेजारचं मांजर कुंडी उकरेल ते वेगळंच.

वाळलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. कात्रीने छाटली तरी चालतील, नाही छाटली तरी झाडाचं काही अडत नाही. नवी पानं स्वच्छ निघतायत का, एवढंच पुढे बघायचं.

पिवळेपणा, आणि पावसाळ्यातली कूज

बुडातलं सगळ्यात जुनं एखादं पान पिवळं पडलं तर ते म्हातारपण, कापून टाका. खिडकीकडची पानं विटून पांढुरकी झाली तर ऊन जास्त. हात पानाच्या वर धरा: कडा पुसट झालेली फिकी सावली पडली तर उजेड योग्य, ठळक काळी पडली तर झाड मागे घ्या.

तिसरा पिवळेपणा वाईट. मधली, तरणी पानं मलूल पिवळी, माती जड, कुंडीला कुबट वास. ही कूज, आणि इथे ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येते. माझा पहिला नेचा असाच गेला. मृगाचा पाऊस आला, वाटलं बिचाऱ्याला भिजू दे, म्हणून बाल्कनीत पागोळीखाली ठेवला. खाली प्लास्टिकची ताटली होती, ती काढायचं सुचलं नाही. आठवडाभर मुळं पाण्यात बुडून होती.

काय करायचं: कुंडी आडवी करून झाड अलगद काढा. मुळं बघताना एक सावधगिरी. इतर झाडांची निरोगी मुळं पांढरी असतात, नेच्याची मात्र बरीचशी मुळं मुळातच तपकिरी-काळी, तारेसारखी असतात. त्यामुळे रंगावर जाऊ नका, दाबून बघा. तारेसारखं कडक, टोकाला फिकट तर जिवंत. बुळबुळीत, ओढलं की साल सुटून हातात येणारं तर कुजलेलं. कुजलेलं सगळं कापा, एकतृतीयांश पानंही कापा, आणि आधीपेक्षा लहान कुंडीत नव्या मातीत लावा. मोठी कुंडी दिली की जास्त ओली माती आणि पुन्हा तेच. दीड महिना खत नाही.

पावसाळ्यात नेच्याला पाणी दिवस मोजून नाही, बोटाने ठरवायचं. कधी सहा दिवसांनी लागतं, कधी दहा. ताटल्या काढून ठेवा. खिडक्या बंद करून कोंडलेल्या खोलीत पंखा हळू चालू असला तर चांगलंच. कपडे वाळवायला लावलेला पंखा जानेवारीत नेच्याचा वैरी असतो आणि जुलैत मित्र. बर्ड्स नेस्टच्या मधल्या वाटीत पाणी ओतू नका, कडेने घाला. घरातल्या कोंदट हवेत ती वाटी आतून सडते.

पाठीवरचे तपकिरी ठिपके: कीड की बाळंतपण?

दर पावसाळ्यात कोणीतरी घाबरून पानाचा फोटो पाठवतं: "रोग पडलाय, कोणतं औषध मारू?" दहापैकी बऱ्याच वेळा तो रोग नसतो. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याचे बीजाणू पानाच्या पाठीवर पिकतात. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. लोकांनी चांगली फळलेली पानं कीड समजून कापून टाकलेली मी पाहिली आहेत.

ओळखायचं कसं? बीजाणूंची मांडणी शिस्तीची असते. बोस्टन फर्नच्या प्रत्येक लहान पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना ठिपक्यांची एकेक ओळ, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. बर्ड्स नेस्टवर तिरप्या समांतर रेघा. हंसराजावर पानाची कडाच दुमडून खाली दडवलेली. खवले कीड मात्र कुठेही बसते: दांड्यावर, शिरेवर, पानाच्या वरच्या बाजूलाही, एक इथे तर चार तिथे. नखाने खरवडा, अख्खा खवला टवका निघावा तसा सुटला आणि खाली ओलसर दिसलं तर कीड. पान चिकट लागतंय, त्यावर मुंग्यांची रांग आहे, तरी कीडच. अजून शंका असेल तर ते पान रात्रभर पांढऱ्या कागदावर उलटं न करता तसंच ठेवा. सकाळी कागदावर कॉफीसारखी बारीक पूड पडली असेल तर अभिनंदन, झाड वयात आलंय.

ती पूड ओल्या चिऱ्यावर पडली की पुढे नखाएवढी हिरवी बदामाकृती पापुद्रे उगवतात. शेवाळ समजून आपण ती घासून काढतो. ती नेच्याची पहिली पिढी असते; त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच पुढचा नेचा जन्मतो. म्हणून तर विहिरीला इतके लागतात.

खरी कीड निघाली तर

औषधाच्या बाटलीकडे शेवटी जा. नेच्याचं पान नाजूक असतं, तेल आणि साबण दोन्हीने भाजतं. खवले असतील तर जास्त लागलेली पानं बुडातून कापा, उरलेल्यांवरचे जुन्या मऊ टूथब्रशने पाण्याखाली घासून काढा. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखे पांढरे पुंजके, दांड्यांच्या बेचक्यात आणि गड्ड्याजवळ, म्हणजे पानं जिथून फुटतात तिथे, लपतात. ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपा, दर चार दिवसांनी, महिनाभर. एकदा करून सोडलंत तर पिल्लं राहतात. मुंग्यांचा बंदोबस्त हवाच, कारण त्या गोड चिकट पाण्यासाठी या किडीची राखण करतात. पूर्वी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तसंच: पाण्याच्या परातीत वीट, विटेवर कुंडी.

एवढ्याने आवरलं नाही तर कडुनिंबाचं तेल लिटरभर पाण्यात दोन-तीन मिली, सौम्य साबणाचे दोन थेंब घालून. आधी एकाच पानावर मारा, तीन दिवस थांबा. भाजलं नाही तर संध्याकाळी बाकीच्यांवर.

थंडीनंतर पानं धुळकट, बारीक ठिपकेदार, खाली जाळ्यासारखे धागे दिसले तर कोळी कीड. नळाखाली पाठी धुवा, दोन-तीनदा. मातीवर चिलटं उडत असतील तर वरची माती सुकू द्या आणि चहाचा चोथा टाकणं बंद करा. पावसाळ्यात रात्रीत कोवळ्या पानांचे गुंडाळे खाल्ले गेले तर विजेरी घेऊन गोगलगायी वेचा, दुसरं औषध नाही.

दुखणं नसलेली दुखणी

बोस्टन फर्नमधून बिनपानांचे लांब केसाळ दोरे लोंबायला लागतात. ती रोगट पानं नव्हेत. जमिनीला टेकले की त्यांच्यातून नवं रोप होतं. स्टॅगहॉर्नच्या बुडाशी चिकटलेली तपकिरी ढालीसारखी पानं मेलेली दिसतात, ती सोलू नका. बाशिंगाची खालची पानं पाहिली असतील ना? तशीच ती पाचोळा धरून ठेवतात. नर्सरीतून आणल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पानं झडली तर जागा बदलू नका, खत देऊ नका. शेडनेटमधून घरात आल्याचा तो धक्का आहे.

माती बदलायची झाली तर

मुळं खालच्या भोकातून बाहेर आली, पाणी टाकताच वाहून जायला लागलं की वेळ झाली. मृगाच्या सुमाराला करा. आपली लाल माती एकटी कुंडीत घातलीत तर दोन महिन्यांत ती सिमेंटसारखी बसते. दोन वाटे फणस-आंब्याखालचं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक वाटा कोकोपीट, एक वाटा जांभ्याची बारीक खडी, मूठभर करवंटीचा कोळसा. समुद्राची वाळू अजिबात नको. घरच्या नारळाच्या सोडणांचा भुसा वापरणार असाल तर तो दोन-तीन वेळा रात्रभर भिजवून पाणी फेका. त्यात क्षार असतात, आणि सोडणं खाडीत कुजवलेली असली तर फारच. कुंडी मातीची, खोलगटपेक्षा पसरट. गड्डा मातीत गाडू नका, वरच राहू द्या.

खत म्हणजे जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, तेही माती ओली असताना. थंडीत काही नाही.

गावाला जाताना

गणपतीला किंवा शिमग्याला घर आठवडाभर बंद राहणार असेल तर कुंड्या न्हाणीघरात एकत्र ठेवा, शेजारी उंचावर पाण्याची बादली, आणि बादलीतून प्रत्येक कुंडीच्या मातीत सुती दोरी. पणतीची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढते. निघण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा, पाणी जास्त येत असेल तर दोरी बारीक करा.

चाकरमानी मंडळी परतताना विहिरीवरचा नेचा उपटून पिशवीत घालून मुंबईला नेतात आणि तो जगत नाही, कारण मुळं चिऱ्यातच राहिलेली असतात. न्यायचाच तर पडक्या गडग्यातला, शेवाळाच्या ढेकळासकट सुटून येणारा लहान नेचा घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा. रानातले, घाटातले उपटू नका.

सगळंच वाळलं तर

फेकण्याआधी एक. हंसराज एका दुपारी पाणी चुकलं तरी कोळशासारखा होतो आणि लोक तो मेला म्हणून टाकतात. गडग्यावरचा हंसराज पाऊस सरल्यावर असाच वाळून नाहीसा होतो आणि जूनमध्ये त्याच फटीतून वर येतो. सगळी पानं मातीपासून दोन बोटं वर छाटा. गड्ड्याला नखाने हलका ओरखडा काढा: आत फिकट हिरवं किंवा पांढरं, टणक लागलं तर जीव आहे. कुंडी पडवीत सावलीला ठेवा, माती फक्त दमट ठेवा, भिजवू नका. दोन ते चार आठवड्यांत मध्यातून बारीक, लवदार गुंडाळे वर येतील. गड्डा मऊ, तपकिरी आणि वासाचा लागला तर मात्र सरळ माडाच्या आळ्यात टाका, आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन जूनपर्यंत उपडी घालून ठेवा.